वडिलांच्या पश्चात: पासबुक, सोसायटी आणि सातबारा
(शेलू, ता. कर्जत, जि. रायगड येथे शेतकऱ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



कर्जतचे भात संशोधन केंद्र आपल्या शेजारी असल्याने इथे कोणी बोलायला उभे राहिले की विषय भाताचाच असणार, असे तुम्ही धरून चालता. कोणते वाण घ्यावे, राब भाजावा की न भाजता रोपे तयार करावीत, भातानंतर वाल कधी पेरावा, यावर तुम्ही पुष्कळ ऐकले आहे. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो चावडीवर सहसा निघत नाही. तो काढला की "अभद्र कशाला बोलता?" असे घरचे म्हणतात. घरातील कर्ता माणूस गेल्यावर त्याचे बँकेतील पैसे, सोसायटीचे कर्ज आणि सातबाऱ्यावरचे नाव यांचे काय करायचे, हा तो विषय.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. माझे वडील २०११ साली भाद्रपदात गेले. भात पोटरीत होते. त्यांच्या नावावर एका बँकेत १,८०,००० रुपयांची मुदत ठेव आणि एक बचत खाते होते. दोन्हींवर वारस म्हणून कोणाचेही नाव लावलेले नव्हते. सातबाऱ्यावर त्यांचे हाक मारायचे नाव, पासबुकावर शाळेतले नाव, आणि रेशनकार्डावर तिसरेच काही. ही तिन्ही माणसे एकच आहेत हे सिद्ध करता करता तीन वर्षे गेली. त्या तीन वर्षांत आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनसाठी आम्ही हातउसने पैसे घेतले, आणि तिच्या नवऱ्याचे पैसे बँकेत तसेच पडून राहिले. त्यातच थोरल्या भावाने तेराव्याच्या खर्चासाठी वडिलांचे एटीएम कार्ड वापरून २०,००० रुपये काढले होते. त्यावरून दोन घरांत बोलणे बंद झाले. दोष बँकेचा नव्हता, कायद्याचाही नव्हता. वडिलांनी आणि आम्ही वेळेवर चार गोष्टी केल्या नाहीत, हा दोष होता. त्या चार गोष्टी तुम्ही कराव्यात एवढ्यासाठी हे बोलणे आहे.

पहिले काम: मृत्यूचा दाखला

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. त्यानंतर विलंब शुल्क लागते, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. दाखला माणूस जिथे मरण पावला तिथे मिळतो, तो जिथे राहत होता तिथे नव्हे. शेलूचा माणूस बदलापूर, कल्याण किंवा मुंबईच्या रुग्णालयात वारला तर दाखला तिथल्या नगरपरिषदेचा किंवा महानगरपालिकेचा निघतो. आपल्या ग्रामपंचायतीत हेलपाटे मारून तो मिळणार नाही. नोंद करतानाच नाव, वडिलांचे नाव आणि वय आधार कार्डाप्रमाणे लिहिले आहे का हे वाचून पाहावे. तिथली एका अक्षराची चूक पुढे प्रत्येक कचेरीत आडवी येते. दाखल्याच्या सात-आठ मूळ प्रती एकदमच काढून ठेवाव्यात.

दुसरे काम: पेटी उघडून यादी करणे

दिवसकार्य आटोपल्यावर घरातील सर्वांच्या देखत कागदांची पेटी उघडावी आणि वहीत दोन रकाने आखावेत: येणे आणि देणे. येण्यात बँक, पोस्ट, पतपेढी, विमा, सोसायटीचे भाग आणि व्यापाऱ्याकडे राहिलेली भाताची रक्कम लिहावी. देण्यात पीककर्ज, सोने तारण, खत दुकानाची उधारी आणि हातउसने लिहावे.

पासबुकाची शेवटची दोन वर्षे नीट वाचावीत. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची रक्कम असण्याचा संभव आहे. २० रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा म्हणजे अपघात विमा असू शकतो. विमा चालू असेल तर दोन्हींत २ लाख रुपयांपर्यंत भरपाई आहे. कित्येक घरांत हे माहीतच नसते आणि मागणी केली जात नाही. माणूस सर्पदंशाने, वीज पडून किंवा पाण्यात बुडून गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विनाविलंब जावे. अशा वेळी पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखाच्या भरात तो टाळू नये.

एखादे जुने खाते विसरले गेले असेल तर तेही बुडत नाही. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, पण वारसांचा हक्क कायम राहतो. अशी खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. घरातील शिकलेल्या मुलाला त्यावर नाव टाकून पाहायला सांगावे.

बँकेतील पैसे कसे मिळतात?

प्रथम काय करू नये ते सांगतो. खातेदार गेल्यावर त्याचे एटीएम कार्ड किंवा सही केलेला कोरा चेक वापरू नये. कार्डाचा आकडा ठाऊक असला तरी तो पैसा आता एकट्याचा राहिलेला नसतो, सर्व वारसांचा झालेला असतो. मुखत्यारपत्र असेल तर तेही खातेदाराबरोबरच संपते. तेराव्याचा खर्च सर्वांनी मिळून करावा, त्याची पावती ठेवावी आणि हिशेबात धरावी. आमच्या घरी हे केले असते तर दोन भावांमध्ये भिंत उभी राहिली नसती.

आता खात्याचे तीन प्रकार समजून घ्या.

१) खाते दोघांच्या नावे आणि 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' या अटीवर असेल तर मृत्यूचा दाखला दिल्यावर मागे राहिलेल्या खातेदाराला रक्कम मिळते.

२) खात्यावर नामनिर्देशन, म्हणजे आपण ज्याला नॉमिनी म्हणतो ते असेल तर अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख एवढ्यावर बँक रक्कम देते. न्यायालयाचा कागद मागत नाही.

३) नॉमिनी नसेल तर सर्व वारसांचा प्रश्न येतो. याबाबत रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी सर्व बँकांसाठी एकसारखे नियम काढले आणि ते ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणण्यास सांगितले. मृत्युपत्र नाही आणि वारसांत वाद नाही अशा वेळी सहकारी बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम सोप्या पद्धतीने द्यायची आहे. त्यासाठी मागणी अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, हमीचे बंधपत्र आणि जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांचे ना-हरकत पत्र लागते. सर्व कागद पोचल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. म्हणून कागद देताना पोच अवश्य घ्यावी. पोच नसेल तर पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून मोजणार?

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. "बाबांनी माझे नाव लावले होते, पैसे माझे," असे एक भाऊ म्हणतो आणि कोर्टाची पायरी चढायची वेळ येते. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. स्वीकारून ते वारसांना किंवा मृत्युपत्रात ज्याचे नाव असेल त्याला देणे हे त्याचे काम आहे.

तुमच्या ओटीवर 'कालनिर्णय' लटकत असेल. ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये निवर्तले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. तरीही काही गुंतवणुकींवर लावलेल्या नॉमिनीच्या नावांचा अर्थ काय, यावरून वाद न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल दिला: नॉमिनीचे नाव लावल्याने वारसांना डावलून तो मालक होत नाही. वारसाहक्काचा कायदा नामनिर्देशनाने बदलत नाही. माणूस गेला २०१३ मध्ये आणि प्रश्न सुटला दहा वर्षांनी. लिहून ठेवणाऱ्या घरात ही गत, तर आपल्याकडे तोंडी कारभार असतो त्याचे काय होईल, याचा विचार करा. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून थोडे वेगळे आहे. तिथे पती-पत्नी, मुले किंवा आईवडील नॉमिनी असतील तर साधारणपणे रक्कम त्यांचीच होते.

वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र आणि प्रोबेट

हे तीन शब्द कानावर पडतात आणि माणूस घाबरतो. त्यांचा अर्थ सोपा आहे.

मृत्युपत्र नसेल आणि रक्कम मोठी असेल किंवा वारसांत वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून *उत्तराधिकार प्रमाणपत्र* घ्यावे लागते. ते बँकेतील पैसे, रोखे, शेअर अशा येण्यापुरते असते. जमिनीसाठी ते चालत नाही. *वारस दाखला* हा १८२७ च्या जुन्या मुंबई रेग्युलेशनखाली न्यायालय देते, आणि अमुक माणसे वारस आहेत एवढे तो सांगतो. तलाठ्याकडची वारस नोंद वेगळी, हा दाखला वेगळा. बँक कोणता कागद मागते ते तिच्याकडून लेखी घ्यावे आणि मगच वकिलाकडे जावे. नाहीतर एका कागदाचा खर्च होतो आणि लागतो दुसराच.

*प्रोबेट* म्हणजे मृत्युपत्र खरे आहे यावर न्यायालयाने केलेले शिक्कामोर्तब. शेलूच्या जमिनीच्या मृत्युपत्राला प्रोबेट लागतेच, असे सांगून काहींना खर्चात पाडले जाते. वस्तुस्थिती अशी, की १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील कलम २१३ ची सक्ती हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी यांच्यापुरती, आणि तीही मुंबई शहरात केलेल्या मृत्युपत्रांना किंवा तिथल्या घरजमिनीला होती. चेन्नई आणि कोलकात्यालाही तसेच होते. रायगड जिल्हा त्यात कधीच नव्हता. ज्यांच्या वडिलांनी गिरणीत किंवा रेल्वेत नोकरी करून मुंबईत खोली घेतली, त्यांना ते बंधन लागू पडे. डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने कलम २१३ वगळण्यात आले. प्रोबेटची सोय मात्र राहिली आहे. मृत्युपत्राबद्दल कोणी शंका घेणार असे दिसत असेल तर ते आपणहून घ्यावे. म्हणजे पुढचा वाद टळतो.

सोसायटीचे कर्ज

पीककर्ज काढणारा गेला म्हणून कर्ज माफ होत नाही. पण मुलांनी घाबरण्याचेही कारण नाही. वारसाची जबाबदारी त्याला वारशाने जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच असते. मुलाच्या स्वतःच्या पगारावर किंवा त्याने स्वतः घेतलेल्या जमिनीवर वडिलांचे कर्ज बसत नाही. जामीन म्हणून त्याने सही केली असेल तर गोष्ट निराळी.

सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवावे आणि बाकीचा उतारा मागावा. कर्ज मुदतीत भरले नाही तर व्याज सवलत हातची जाते, आणि दुःखात दोन हंगाम गेले तर थकबाकीचा डोंगर उभा राहतो. वडिलांचे सोसायटीतील भाग नॉमिनीच्या किंवा वारसाच्या नावे करून घ्यावेत. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३० मध्ये तशी तरतूद आहे. वारस सभासद झाला आणि सातबारा त्याच्या नावे झाला, की नवे पीककर्ज मिळण्याची वाट मोकळी होते. पंतप्रधान किसान सन्मान योजनेचेही तसेच. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना ती मिळत नाही, पण खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने जमीन आली असेल तर त्याला अपवाद आहे. वडिलांच्या खात्यावर हप्ता येतो म्हणून मृत्यू लपवू नये. तो पैसा पुढे परत करावा लागतो.

सातबारा आणि बहिणींचे नाव

जमीन महसूल कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचे असते. सोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे-पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र द्यावे. अर्ज 'ई-हक्क' प्रणालीवरही करता येतो. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि नंतर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. २०२५ मध्ये शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली, ती मयत खातेदारांची नावे वर्षानुवर्षे तशीच राहतात म्हणूनच. आपल्या भागात आजोबांच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या कर्त्याच्या नावावरच सातबारा राहिलेली घरे पुष्कळ आहेत. एक पिढी चुकली की वारस चाराचे चाळीस होतात आणि त्यातले अर्धे कुठे आहेत तेही कळत नाही.

आता नाजूक मुद्दा. वारसांच्या यादीत लग्न झालेल्या बहिणींची नावे गाळली जातात. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असल्यास आई, यांचा वाटा सारखा असतो. वडिलोपार्जित मिळकतीतही ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलासारखीच हक्कदार झाली. तिचे वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. लग्नाने हा हक्क जात नाही. मुस्लिम कुटुंबांत वाटे त्यांच्या कायद्याप्रमाणे पडतात. ठाकूर, कातकरी अशा अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार कायदा थेट लागू नाही. त्यांनी तहसील कार्यालयात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे विचारून घ्यावे.

खोटी वारस यादी दिली म्हणून बहिणीचा हक्क मरत नाही. सातबारा हे महसुलाचे दप्तर आहे, मालकी ठरवणारा निकाल नव्हे. शेलू, नेरळ या बाजूला घरबांधणी वाढली आहे आणि खाचराची किंमत पूर्वीची राहिलेली नाही. विक्रीच्या वेळी वकील जुने फेरफार काढतो, गाळलेले नाव सापडते आणि बांधावरचे भांडण कोर्टात जाते. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने समजून उमजून, दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले हक्कसोडपत्र करून द्यावे. राखीपौर्णिमेला आलेल्या बहिणीपुढे कोरा कागद सरकवणे हा मार्ग नव्हे.

आमच्या ठेवीचे वारस चार होते: आई, दोघे भाऊ आणि बहीण. प्रत्येकाचे ४५,००० रुपये. बहिणीला ना-हरकत पत्रावर सही मागायला मी तिच्या सासरी गेलो. ती म्हणाली, "दादा, माझा वाटा आईच्या डोळ्यांना घाला. पण मला न विचारता माझं नाव गाळू नका." पुढे आम्ही तिन्ही भावंडांनी आपापला वाटा आईच्या नावे केला, थोरल्याचे २०,००० हिशेबात धरले आणि बोलणे पुन्हा सुरू झाले. पैसा मिळायला तीन वर्षे लागली. हे वाक्य ऐकायला मात्र मी तिच्याकडे एकदा गेलो एवढेच पुरले. आधीच गेलो असतो तर बरे झाले असते.

जिवंतपणी करायची कामे

शेवटी, आज घरी गेल्यावर काय करावे ते थोडक्यात सांगतो.

१) आधार, पासबुक, सातबारा, सोसायटीची नोंद यांवरील नाव एकसारखे करून घ्यावे. हे काम माणूस हयात असताना आठवड्या-महिन्याचे असते, नंतर वर्षांचे होते.

२) प्रत्येक खात्यावर नॉमिनी लावावा आणि पासबुकावर तशी नोंद पाहावी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कोणाला किती टक्के हेही लिहिता येते. बायकोचे नाव पहिले असावे, असे माझे मत आहे.

३) ज्यांना वाटणी वेगळी करायची आहे त्यांनी मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही मात्र हवीच. साक्षीदार वयाने लहान आणि ज्याला काही मिळणार नाही असा असावा. नोंदणी केलेली बरी. आपल्या स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते हे विसरू नये.

४) येणे-देण्याची एक वही ठेवावी आणि ती कुठे आहे हे घरातील किमान दोघांना, त्यांत एक बाईमाणूस, सांगून ठेवावे.

बंधू-भगिनींनो, पावसाच्या तोंडावर आपण बांध घालतो, तेव्हा पाऊस यावा म्हणून घालत नाही. तो येणारच असतो म्हणून घालतो. नावे जुळवणे, नॉमिनी लावणे, वही लिहिणे ही कामे त्याच जातीची आहेत. ती केल्याने कोणाचे आयुष्य कमी होत नाही. न केल्याने मात्र मागे राहिलेल्या माउलीला स्वतःच्याच पैशासाठी तीन वर्षे थांबावे लागते. या हंगामात खताच्या पावत्या लावून ठेवाल तेव्हा त्याच बैठकीत घरातील सगळी पासबुके उघडून पाहा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.